गेमच्या फाइल्समध्ये राहून गेलेलं: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशोक चौकाजवळच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रविवारी दुपारी काही जण जुन्या गेम्सच्या फाइल्स उघडून बसतात. खेळायला नाही, वाचायला. गेममध्ये कधी न दिसलेली चित्रं, न वाजलेले आवाज, पोचताच येत नाही अशा जागा शोधायच्या आणि त्यांची नीट नोंद करायची, एवढंच काम. त्यात डिप्लोमाची मुलं आहेत, बारावीची आहेत, चादरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर करणारे एकदोघं आहेत. अधूनमधून पालकही काळजीने डोकावतात. सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

अनयूज्ड कंटेंट म्हणजे नेमकं काय?

गेम बाहेरून एक वस्तू दिसते, पण आत हजारो तुकडे असतात: चित्रं, मॉडेल्स, आवाज, संवाद, नकाशे. यातला प्रत्येक तुकडा कुणीतरी मागितला तरच पडद्यावर येतो. ‘या दारातून आत गेल्यावर तो नकाशा उघड, इथे तो आवाज वाजव’ असं कोडमध्ये कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. ज्या तुकड्याला कुणीच हाक मारत नाही तो डिस्कवर असतो, पण खेळणाऱ्याला कधीच दिसत नाही.

सोलापुरात हे समजावणं सोपं जातं. जॅकार्ड मागावर चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत असते. त्या माळेतून काही कार्डं काढून फळीवर ठेवली, तर नक्षी कार्डावर पूर्ण असते, पण ती एकाही चादरीत उतरत नाही. पूर्व भागात वाढलेल्या पोरांना एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

राहून गेलेल्या या गोष्टी अनेक तऱ्हेच्या असतात. रद्द झालेली लेव्हल असते, अर्धवट पात्र असतं, जागा धरून ठेवायला टाकलेलं तात्पुरतं चित्र असतं. तपासणीसाठी केलेला डिबग मेन्यू असतो आणि फायनल गेममध्ये तो फक्त लपवलेला असतो. कधी प्रोग्रॅमरने सहकाऱ्यासाठी लिहिलेली ओळ सापडते. मला स्वतःला डिबग मेन्यू सर्वात मोलाचे वाटतात. गेम बनवणारा माणूस रोज कशाशी झगडत होता, ते त्यात उघड दिसतं.

ईस्टर एग म्हणजे हेच ना?

नाही, आणि हा फरक पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. ईस्टर एग मुद्दाम लपवलेलं असतं, पण खेळणाऱ्याने शोधावं या इच्छेने. अनयूज्ड कंटेंट कुणी शोधावं म्हणून ठेवलेलंच नसतं.

अटारी या अमेरिकी गेम कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’मध्ये प्रोग्रॅमर वॉरन रॉबिनेट यांनी स्वतःच्या नावाची एक गुप्त खोली ठेवली होती. त्या काळी अटारी प्रोग्रॅमरची नावं छापत नसे. पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक बारीक ठिपका उचलून योग्य जागी नेला की खोली उघडायची. ही वाट गेममधूनच जाते, म्हणून ते ईस्टर एग. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक सायबर कॅफेत चालणाऱ्या, ‘जीटीए’ मालिकेतल्या ‘व्हाइस सिटी’तही आहे: व्हीसीएन नावाच्या इमारतीत एका खिडकीतून उडी मारली की आत चबुतऱ्यावर चॉकलेटचं अंडं दिसतं, ‘हॅपी ईस्टर’ लिहिलेलं. तेही खेळूनच सापडतं.

याउलट निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या मशीनवरच्या १९९७ च्या ‘गोल्डनआय’मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरचा एक एम्युलेटर, म्हणजे त्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पडून होता, १० गेम्ससकट. असं काही या मशीनवर चालतं का, हे बघायला तो केला गेला, मग बंद केला गेला, पण कार्ट्रिजमधून, म्हणजे गेमच्या कॅसेटमधून, काढला गेला नाही. लोकांच्या तो २०१२ मध्ये लक्षात आला. खेळून तिथे पोचायची वाट नव्हतीच.

वापरायचं नाही तर काढून का टाकत नाहीत?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मुलांना वाटतं की विसरले असतील. विसरतातही. पण बहुतेक वेळा न काढणं हा विचार करून घेतलेला निर्णय असतो.

गेममधल्या गोष्टी एकमेकांना क्रमांकाने ओळखतात. ४० नंबरचं शस्त्र काढून टाकलं आणि ४१ नंबरचं त्याच्या जागी सरकलं, तर ज्या ज्या ठिकाणी ४१ लिहिलं होतं तिथे भलतंच शस्त्र येणार. त्यापेक्षा ४० तसंच ठेवायचं आणि ते कुणाला मिळणार नाही एवढं बघायचं. त्यात गेम जमा करायची तारीख डोक्यावर असते. आठवडे खपून तपासलेल्या गेममधून शेवटच्या क्षणी फाइल उडवली, तर ती कुठे लागत होती हे गेम अडकल्यावरच कळतं. बंद दरवाजा ठेवणं स्वस्त पडतं, भिंत पाडणं महाग.

कोनामी या जपानी कंपनीच्या गेम्समधला तो प्रसिद्ध कोड यातूनच राहिला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रॅडियस’ हा गेम एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या मशीनसाठी आणत होते. गेम कठीण होता, तपासताना पूर्ण खेळणं जमेना, म्हणून त्यांनी स्वतःसाठी हा कोड घातला आणि १९८६ च्या अंतिम गेममध्ये तो राहिला. पुढे त्याच कोडने ‘कॉन्ट्रा’त ३० जीव मिळायला लागले, आणि ते सोलापूरच्या गल्लीगल्लीत माहीत झालं.

कधी नावंही राहतात. ‘व्हाइस सिटी’च्या मॉडेल्सच्या फोल्डरमध्ये जी मुख्य फाइल आहे तिचं नाव ‘जीटीए३ डॉट आयएमजी’. नंतर आलेल्या ‘सॅन अँड्रियास’मध्येही तेच. गेम बदलले, शहरं बदलली, फाइलचं नाव मात्र आधीच्या ‘जीटीए ३’चंच राहिलं.

आणि काही वेळा रिकामी जागा मोह पाडते. ‘पोकेमॉन’च्या पहिल्या गेम्समधून डिबगची सोय काढल्यावर साधारण ३०० बाइट मोकळे झाले. शिगेकी मोरिमोतो यांनी तेवढ्यात म्यू हा १५१ वा पोकेमॉन बसवला. १९९६ मध्ये जपानात गेम विक्रीला आला तेव्हा नेहमीच्या खेळात म्यू मिळायची सोयच नव्हती.

न काढल्याने कुणाचं नुकसान झालं आहे का?

झालं आहे, आणि मोठं झालं. ‘सॅन अँड्रियास’मध्ये एक प्रौढांसाठीचा मिनीगेम केला होता. नंतर तो नको ठरला. कोड तसाच ठेवून फक्त तिथे जायची वाट बंद केली. जून २००५ मध्ये पीसीची आवृत्ती आली आणि एका डच मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतः बदल (मॉड) करणाऱ्याने, ती वाट उघडून दाखवली. लोक याला ‘हॉट कॉफी’ प्रकरण म्हणतात. मॉडने नवं काही बनवलं नव्हतं, डिस्कवर होतं तेच चालू केलं होतं. प्लेस्टेशन २ च्या डिस्कवरही ते होतं. जुलै २००५ मध्ये अमेरिकेतल्या रेटिंग संस्थेने, ईएसआरबीने, गेमचं रेटिंग वाढवून ‘फक्त प्रौढांसाठी’ केलं, मोठ्या दुकानांनी तो मांडणीवरून उतरवला, आणि कंपनीला ते दृश्य काढून नवी आवृत्ती आणावी लागली. त्यानंतर डिस्कवर जे आहे ते सगळंच रेटिंगच्या वेळी सांगावं लागतं, खेळताना दिसो वा न दिसो.

पालकांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं. फाइल्समध्ये काय निघेल हे डब्यावरच्या वयाच्या शिक्क्यावरून नेहमी कळत नाही. लहान मुलांना आम्ही आधी स्वतः तपासलेले गेम्सच देतो.

टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमध्येही असं काही असतं का?

असतं, पण जागेची चणचण फार. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आज मोबाइलने काढलेल्या एका फोटोत असे कितीतरी मारिओ बसतील. तरीही त्या काळच्या अनेक गेम्समध्ये न वापरलेली चित्रं आणि आवाज सापडतात.

९९९९ गेम्सची कॅसेट लावून समुराई या टीव्ही-गेमवर खेळलेल्यांना एक सांगायला हवं. त्यात गेम थोडेच असत, तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून किंवा वेगळ्या शस्त्रांनिशी सुरू करून यादी लांबवलेली असे. तो गुप्त खजिना नव्हे. ‘कॉन्ट्रा’चं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. जपानी आवृत्तीत लेव्हलच्या आधी नकाशा दिसतो, कथेची दृश्यं आहेत, झाडांची पानं हलतात, बर्फ पडतं. अमेरिकी आवृत्तीत यातलं काही नाही, कारण जपानी कार्ट्रिजमध्ये कोनामीची वेगळी चिप होती. हा देशादेशांतल्या आवृत्तीतला फरक झाला. नोंद लिहिताना तो अनयूज्ड कंटेंटमध्ये मिसळू नये.

माझा कॉम्प्युटर साधा आहे. सुरुवात कुठून करू?

साधाच पुरतो. पहिलं काम म्हणजे गेमच्या फोल्डरची कॉपी करायची आणि त्या कॉपीवरच काम करायचं. मूळ फाइलला हात लावायचा नाही. हा नियम आमच्याकडे कुणालाही मोडू देत नाही.

मग एक हेक्स एडिटर लागतो, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट आकड्यात दाखवणारा प्रोग्रॅम. एचएक्सडी मोफत आहे आणि हलका आहे. फाइल त्यात उघडली की पहिल्या काही अक्षरांवरून ती कसली आहे हे कळतं, एक्स्टेन्शन काहीही असो. ‘पीके’ने सुरू झाली तर झिप, ‘ओजीजीएस’ असेल तर ऑग प्रकारचा आवाज, ‘आरआयएफएफ’ असेल तर बहुधा वेव्ह. पीएनजीच्या दुसऱ्या बाइटपासून ‘पीएनजी’ ही अक्षरंच लिहिलेली असतात. कित्येक गेम्सच्या अगम्य नावाच्या फाइल्स नाव बदललेल्या झिपच निघतात आणि सेव्हन-झिपने सरळ उघडतात.

मोठ्या गेम्समध्ये शिकायला ‘व्हाइस सिटी’ चांगला, कारण त्याची रचना सरळ आहे. मॉडेल्स डीएफएफ, त्यांवरचे रंग टीएक्सडी, पडद्यावरचा सगळा मजकूर ‘अमेरिकन डॉट जीएक्सटी’त, मिशन्स ‘मेन डॉट एससीएम’मध्ये. जीएक्सटीत प्रत्येक ओळीला एक छोटं नाव दिलेलं असतं आणि ते वाचता येतं. ‘सॅन अँड्रियास’मध्ये त्या नावांच्या जागी आकडे आले, म्हणून नवख्याने तिथून सुरू करू नये.

कॅसेटच्या काळातल्या गेम्सची चित्रं बघायला वायवाय-सीएचआर वापरा. ओळखू न येणारी फाइल आवाजाची वाटली, तर ऑडॅसिटीत रॉ डेटा म्हणून उघडून ऐका. बऱ्याच वेळा नुसती खरखर ऐकू येते. मग सॅम्पल रेट, म्हणजे आवाज वाजायचा वेग, बदलून बघायचा, आणि एखाद्या वेळी त्या खरखरीतून माणसाचा आवाज स्पष्ट होतो.

फाइल सापडली. ती वापरलेली नाही हे कसं ठरवायचं?

खरं काम इथेच आहे, आणि घाईही इथेच होते. ‘मी गेम पूर्ण खेळलो, मला दिसलं नाही’ हा पुरावा नाही.

पहिली पायरी, त्या गोष्टीचं नाव किंवा क्रमांक बाकीच्या सगळ्या फाइल्समध्ये शोधा. ‘व्हाइस सिटी’तल्या एखाद्या संवादाचा संशय असेल, तर त्या ओळीचं नाव ‘मेन डॉट एससीएम’मध्ये आणि मुख्य एक्झीमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या फाइलमध्ये, शोधायचं. दोन्हीकडे नसेल तर संशय बळावतो. तरी थांबा. कधी कोड नाव जुळवून तयार करतो: पुढचा भाग ठरलेला, मागे आकडा जोडायचा. अशा वेळी अख्खं नाव कुठेच लिहिलेलं सापडत नाही आणि ओळ मात्र रोज वापरात असते. शेजारची नावं बघा. एक ते आठ क्रमांक वापरात असतील आणि फक्त नववा कुठे येत नसेल, तर तो मुद्दा धरून पुढे जा.

एनईएसच्या गेम्ससाठी एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये कोड-डेटा लॉगर आहे. तुम्ही खेळत असताना गेमने कुठले बाइट वाचले ते तो खूण करून ठेवतो. शक्य तेवढ्या सगळ्या वाटांनी खेळून झाल्यावर जे कोरं राहतं तिथे शोधायला लागा. आमच्या मुलांना शोधात सर्वात जास्त शिस्त याच साधनाने लागली.

दुसरी पायरी, अटी. गोष्ट फक्त हार्ड मोडमध्ये येते का? फक्त दोन खेळाडू असताना? ठरावीक भाषेत? ठरावीक तारखेला? निन्टेन्डो स्विचमध्ये सुरुवातीला ‘गोल्फ’ हा एनईएसचा जुना गेम लपवलेला होता. फाइल बघणाऱ्याला ती निरुपयोगी राहिलेली वस्तू वाटली असती. पण तारीख ११ जुलै असताना दोन्ही हातांतल्या जॉय-कॉन कंट्रोलरने एक विशिष्ट हालचाल केली की तो सुरू व्हायचा. निन्टेन्डोचे प्रमुख सातोरु इवाता २०१५ मध्ये ११ जुलैला वारले. तो ‘गोल्फ’ तरुणपणी त्यांनीच प्रोग्रॅम केला होता, आणि ती हालचाल ते भाषणात करत तशी होती. अशा गोष्टीवर ‘वापरात नाही’ असा शिक्का मारणं किती चुकीचं ठरलं असतं याचा विचार करा.

उलटंही होतं. ‘जीटीए ३’मध्ये डोंगरांमागे एक निर्जन वस्ती आहे. विमान कसंबसं उडवत लोक तिथे पोचले आणि रद्द झालेला भाग म्हणून तिची ख्याती झाली. प्रत्यक्षात गेम सुरू होताना जो बँकेवरचा दरोडा दिसतो तो तिथेच घडतो. प्रत्येक खेळाडूने ती जागा पहिल्याच मिनिटात पाहिलेली असते.

तिसरी पायरी म्हणजे दुसरा माणूस. त्याने तुमची नोंद वाचून, तुम्हाला काही न विचारता, तेच शोधून दाखवलं पाहिजे. त्याला जमलं नाही तर नोंद अपुरी आहे.

मग ते का काढलं, हे फाइलवरून कळतं का?

फाइल सांगते की हे कुणीतरी बनवलं होतं. का सोडलं, हे बहुतेक वेळा सांगत नाही. नोंदीत ‘वेळ कमी पडला असणार’, ‘सेन्सॉरने काढायला लावलं असणार’ असं लिहायला मी मनाई करतो. बनवणाऱ्यांनी मुलाखतीत सांगितलं असेल तर तसं लिहा. नाहीतर जे दिसतं तेवढंच लिहून थांबा.

अंदाजाचं काय होतं ते ‘सुपर मारिओ ६४’वरून कळतं. त्यात अंगणातल्या एका पाटीवरचं पुसट चित्र लोकांनी ‘एल इज रिअल २४०१’ असं वाचलं आणि मारिओचा भाऊ लुइजी गेममध्ये लपलाय म्हणून वर्षानुवर्षं शोधत राहिले. तेच चित्र नंतर ‘झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये एका गुहेतही वापरलेलं आहे. २०२० मध्ये निन्टेन्डोची अंतर्गत सामग्री फुटली तेव्हा त्यात लुइजीचे अवशेष निघाले. पण ते कंपनीच्या कॉम्प्युटरवरच्या फाइल्समधले होते, आणि त्या पाटीचा अर्थ त्याने सिद्ध होत नाही.

त्याच ‘ऑकरिना’च्या कार्ट्रिजमध्ये ‘स्टार फॉक्स’चं आर्विंग विमान आहे, चीट उपकरणाने ते बाहेर काढता येतं. तलवारीच्या गेममध्ये लढाऊ विमान बघून कुणाच्याही मनात दहा कथा तयार होतील. नोंद मात्र तीन ओळींची असावी: काय आहे, कुठे आहे, कसं बघायचं.

राहिलेलं परत गेममध्ये आणता येतं का?

कधी कधी, आणि मग फार सुंदर काम होतं. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ हा २००४ चा गेम अर्धवट अवस्थेत विक्रीला आला. यंत्रमानवांचा एक कारखाना, शेवटच्या भागातले कितीतरी प्रसंग आणि ध्वनिमुद्रित संवाद डिस्कवर तसेच होते. चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून ते जोडले. आज तो गेम घेणाऱ्याला मी आधी त्यांचा मॉड टाकायला सांगतो. त्यांची एक शिस्त मला विशेष आवडते: नवं शक्य तेवढं कमी घालायचं, आहे ते जागेवर बसवायचं.

‘सॉनिक २’मधल्या हिडन पॅलेस या लेव्हलचं भाग्य वेगळं. १९९२ मध्ये ती वगळली गेली, थोडे अवशेष कार्ट्रिजमध्ये राहिले. साउंड टेस्टमध्ये, म्हणजे गेममधले आवाज ऐकायच्या मेन्यूत, १० क्रमांकावर एक धून वाजायची, ती कुठल्याच लेव्हलमध्ये नव्हती. २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत ती लेव्हल अधिकृतपणे परत आली आणि ती धूनही तिला मिळाली.

‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत तर कमांड लिहून जायंट आणि इल्युजनर आजही उभे करता येतात, एरवी ते जगात कधी येत नाहीत. लहान मुलांना पहिला धडा मी याचाच देतो.

बीजीएमआय किंवा फ्री फायरच्या फाइल्समध्ये पुढच्या स्किन्स शोधता येतील का?

हे आमच्याकडे करत नाही. ऑनलाइन गेमच्या फाइल्सशी खेळणं त्यांच्या अटींत बसत नाही, अकाउंट जातं, आणि पैसे घालून घेतलेलं सगळं त्याबरोबर जातं. त्याहून वाईट म्हणजे ‘अनलॉक केलेली’ म्हणून फिरणारी एपीके, म्हणजे ॲपची फाइल. तिच्यात काय घातलंय हे तुम्हाला माहीत नसतं आणि त्याच फोनवर घरच्यांचं यूपीआय असतं. जुने, एकट्याने खेळायचे, ऑफलाइन गेम्स घ्या.

हे कायद्यात बसतं का?

मी वकील नाही, पण कॉपीराइट कायदा १९५७ सगळ्यांनी एकदा चाळावा. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृती मानलं आहे. कलम ५२ मध्ये कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला काही मुभा आहेत, त्यात प्रोग्रॅम चालवताना तो कसा काम करतो याचं निरीक्षण आणि अभ्यास करणंही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ मात्र हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षण तोडण्याला गुन्हा ठरवतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

आमचे नियम यापेक्षा कडक आहेत. विकत घेतलेली प्रत हवी. एन्क्रिप्शन तोडायचं नाही. शोध दाखवताना एखादं चित्र, काही ओळी, काही सेकंदांचा आवाज पुरतो, अख्खी फाइल कुणाला पाठवायची नाही. फुटलेल्या, चोरीच्या सामग्रीला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

आणखी एक, जे कायद्यापेक्षा माणुसकीचं आहे. राहिलेल्या फाइल्समध्ये कधी बनवणाऱ्यांची खरी नावं, फोन नंबर, त्यांच्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर निघतात. ती माणसं प्रसिद्ध नसतात. ते झाकूनच नोंद करायची.

मुलगा तासन्‌तास आकडे बघत बसतो. यातून काय मिळणार?

नोकरीची हमी मी देत नाही. पण हेक्स वाचणारं पोर फाइल म्हणजे काय हे आतून ओळखतं, अंदाज आणि पुरावा वेगळे ठेवतं, आणि नोंद लिहायला शिकतं. ‘राजी’सारखा गेम पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये जगासमोर आणला. गेम कसा जुळतो हे समजणारी पोरं सोलापुरातही असावीत असं मला मनापासून वाटतं. वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे दोन तास झाले की मशीन बंद होतं. घरीही तसंच करावं.

सोलापुरात शोधण्यासारखं काय आहे?

माझ्या दृष्टीने हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो फार थोडे जण विचारतात. जगप्रसिद्ध गेम्सवर हजारो लोक बसलेले आहेत. आपल्या कपाटातल्या जुन्या फोनवर कुणीच नाही.

स्मार्टफोनच्या आधी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. गाणी, वॉलपेपर आणि जावा गेम्स. त्या जार फाइल्स आतून झिपच आहेत. सेव्हन-झिपने उघडा: मॅनिफेस्ट फाइलमध्ये गेमचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, आवृत्ती असते, बाजूला पीएनजी चित्रं आणि मिडी आवाज असतात. सुरुवातीच्या नोकिया सिरीज ४० फोनवर एक जार ६४ किलोबाइटच्या आत बसवावी लागे, तरीही त्यांत न वापरलेली चित्रं निघतात. एकच गेम वेगवेगळ्या स्क्रीनसाठी वेगळा बनायचा, १२८ बाय १६० साठी एक, २४० बाय ३२० साठी दुसरा. एकीतलं सामान दुसरीत राहिलेलं दिसतं. यातले कित्येक गेम्स भारतात बनले होते आणि बनवणाऱ्या कंपन्या आज नाहीत. प्रती राहिल्या असतील तर अशा कार्डांवरच.

दुसरी गोष्ट म्हणजे सायबर कॅफेच्या जुन्या हार्ड डिस्क आणि घरी रेकॉर्ड केलेल्या सीडी. गाड्यांवर मराठी पाट्या चिकटवलेले, रस्त्यावर रिक्षा आणलेले मॉड कुणी कुणी केले होते, त्यांची नोंद कुठेच नाही. सीडीवरचे गेम पायरेटेड असतील तर ते पुढे वाटायचे नाहीत, पण त्यात कुणी काय बदललं हे लिहून ठेवायला हरकत नाही.

घाई करायला हवी. रेकॉर्ड केलेल्या सीडीतला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, आणि आपला मे महिना सगळ्यांना माहीत आहे. मेमरी कार्डही वर्षानुवर्षं वापराविना पडलं तर त्यातला डेटा उडू शकतो. घरात असं काही असेल तर भंगारात देण्याआधी त्याची इमेज काढा, म्हणजे अख्ख्या सीडीची किंवा कार्डाची जशीच्या तशी एका फाइलमधली प्रत, सुटी फाइल कॉपी नको. चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा, लिहा, कव्हरचा आणि हाताने लिहिलेल्या नावाचा फोटो काढा, आणि ते कुठून, साधारण कधी आलं तेही लिहा. फोन असेल तर आधी त्यातले घरचे फोटो आणि मेसेज बाजूला काढून घ्या. ते आम्हाला बघायचे नाहीत.

माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. चित्राला आणि आवाजाला इंग्रजी लागत नाही. जुन्या गेम्सचा निम्मा मजकूर तर जपानी असतो आणि तो सरळ वाचताही येत नाही, कारण त्यात अक्षराऐवजी चित्राच्या चौकटीचा क्रमांक साठवलेला असतो. कुठला क्रमांक म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता आपणच बनवायचा. पडद्यावर दिसणारा एखादा शब्द घ्या, त्यातल्या अक्षरांमधलं अंतर मोजा, तेवढ्याच अंतराचे बाइट फाइलमध्ये शोधा. तीनचार शब्द जुळले की तक्ता भरत जातो. हे काम चिकाटीचं आहे, आणि आमच्याकडे ते सर्वात छान करणारी मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी शिकली, आणि काना ही जपानी अक्षरं अशा तक्त्यांवरूनच ओळखायला लागली.

नोंद मराठीतच लिहा. फाइलचं नाव, आवृत्ती, चेकसम, बाइटचा पत्ता, काय दिसलं, कसं तपासलं, काय ठरवता आलं नाही. पुढच्या रविवारी येताना पेनड्राइव्ह, आपली गेमची प्रत आणि एक वही आणा. मशीन आमच्याकडे आहेत.